होस्टा : सावलीतलं झाड आणि त्याची झोप

मागच्या वेळी आपण उन्हातल्या फुलझाडांविषयी बोललो. त्यानंतर परदेशातल्या बऱ्याच श्रोत्यांनी एकच गोष्ट विचारली : ‘आमच्या घरामागे मोठाली झाडं आहेत, ऊन पोचत नाही. तिथे काय लावावं?’ थंड प्रदेशात याचं पहिलं उत्तर आहे होस्टा.

होस्टा मूळचा जपान, कोरिया आणि चीनचा. सीबोल्ड हा जर्मन वैद्य १८३० मध्ये जपानहून नेदरलंड्सला परतला, तेव्हा सोबत आणलेल्या झाडांत होस्टाही होते. जपानमध्ये वसंतात याचे कोवळे कोंब भाजी म्हणून खातात. आणि गंमत म्हणजे, हा आपल्या निशिगंधाचा आणि घायपाताचा नातेवाईक. फुलांपेक्षा पानांसाठी लावतात : निळसर, पोपटी, पांढऱ्या काठाची पानं.

आता ‘सावली’ या शब्दापाशी थोडं थांबू. होस्टाला सावली चालते, याचा अर्थ अंधार आवडतो असा नाही. सकाळचं कोवळं ऊन आणि दुपारी सावली, ही उत्तम जागा. निळ्या पानांवर मेणासारखा थर असतो. कडक उन्हात तो जातो आणि पान हिरवं दिसू लागतं. पिवळ्या पानांना मात्र रंग खुलायला थोडं ऊन लागतं.

दुसरी फसगत पाण्याची. आपल्याला वाटतं, सावली आहे म्हणजे ओल असणारच. पण ही सावली कुणाची? मोठ्या झाडाची. मेपलसारख्या झाडाची मुळं वरच्या थरातलं पाणी आधीच पिऊन टाकतात. म्हणून बुंध्यापासून जरा लांब लावा, मातीत भरपूर कुजलेलं खत मिसळा, आणि पाऊस नसेल तर आठवड्याला साधारण अडीच सेंटीमीटर पावसाइतकं पाणी द्या. तेही सकाळी. संध्याकाळी पाणी घातलं की रात्रभर माती ओली राहते आणि गोगलगायींना आमंत्रणच मिळतं.

होस्टाचा मोठा शत्रू म्हणजे बिनशंखाची गोगलगाय. पानांना भोकं दिसली, की रात्री विजेरी घेऊन बाहेर या आणि वेचून काढा. कंटाळवाणं काम आहे, पण उपयोगी पडतं. हरणं मात्र एका रात्रीत देठांपर्यंत सगळं फस्त करतात. तिथे जाळीच हवी. घरात कुत्रा-मांजर असेल तर त्यांना पानं खाऊ देऊ नका, त्यांना ती बाधतात.

ठोंब मोठा झाला, की वसंतात कोंब वर येताना खणून त्याचे भाग करता येतात. दर झाडानंतर सुरी जंतुनाशकाने पुसा. ‘होस्टा व्हायरस एक्स’ नावाचा रोग रसातून पसरतो. पानाच्या शिरांलगत रंग फुटल्यासारखा दिसतो. यावर औषध नाही. झाड मुळासकट काढून कचऱ्यात टाकायचं, खताच्या खड्ड्यात नाही.

आता मुख्य मुद्दा. एडिसनला माझी मावसबहीण राहते. मावशी साताऱ्याहून तिच्याकडे गेली होती, तेव्हा तिने हौसेने मागच्या कोपऱ्यात होस्टा लावला. ऑक्टोबरच्या शेवटी पानं पिवळी पडून लोळली, नोव्हेंबरात जमिनीवर काहीच उरलं नाही. बहिणीला वाटलं, मेलं. तिने गड्डा उपटून टाकला. तो मेला नव्हता हो, झोपला होता! नंतर तिने तिथे दुसरा लावला, छान वाढलाय. पण मावशीला पुन्हा तिकडे जायला जमलं नाही. ही चुटपुट बहिणीच्या मनातून गेलेली नाही.

होस्टाला ही झोप लागतेच. साधारण सहा आठवडे किंवा जास्त, ५ अंश सेल्सिअसच्या खालची थंडी. ती मिळाली नाही तर झाड दरवर्षी लहान होत जातं आणि शेवटी संपतं. म्हणूनच तिकडून हौसेने आणलेला गड्डा पुण्यात टिकत नाही. आपल्याकडे पहाटे गारठा असतो, पण दुपारी ऊन तापतं. सलग थंडी नसते. पुण्यातल्या सावलीसाठी कॅलेडियम लावा. त्याचे कंदही झोपतात, पण त्यांना बर्फ लागत नाही.

एका श्रोत्यांचा प्रश्न आलाय : ‘पहिल्या वर्षी वाढच दिसत नाही, काय चुकलं?’ काही चुकलं नाही. पहिली एक-दोन वर्षं तो मुळं पसरतो. पुरा आकार यायला चार-पाच वर्षं लागतात, मोठ्या जातींना त्याहून जास्त.

तेव्हा शेवटचं सांगतो. पानं झडली की ती उचला, गोगलगायी त्यांच्याखाली अंडी घालतात. आणि जिथे झाड होतं तिथे एक काडी रोवून नावाची पाटी लावा. मे महिन्यापर्यंत तिथे फावडं घालू नका.