आधी चासी, मग इंजिन
अमेरिकेत खिळखिळी पिकअप घेऊन ती जमिनीलगत बसवण्याचा छंद आहे. 1973 ते 1987 मधील शेव्हरोले सी-10 त्यासाठी आवडीची. अशी गाडी निवडायची झाल्यास मी इंजिनाआधी चासी पाहीन. तिचा मागचा ॲक्सल स्प्रिंगच्या पाट्यांखाली असतो. तो पाट्यांच्या वर बसवला की मागची बाजू 5-6 इंच खाली येते. पण मग खड्ड्यात ॲक्सल उसळून चासीवर आदळेल. म्हणून तेथे चासीला अर्धगोल खाच कापून जाड पोलादाचा आधार देतात. ही कापाकापी गंजलेले लोखंड सोसत नाही. तेव्हा हातोडीने ठोकून पाहावे. पापुद्रे सुटले, तर स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. इंजिन सहज बदलता येते. मोडक्या कण्यावर मात्र माणसे बसवू नयेत.