देवाकडे एसआयपी चालते का?

पहिली तारीख. मोबाइल वाजतो. पगार जमा! पाच मिनिटांत दुसरा मेसेज, मग तिसरा... होम लोन, क्रेडिट कार्ड, सोसायटीचा मेंटेनन्स. करंजाडेत वन बीएचके घेतलेल्या प्रत्येकाला हा सिनेमा तोंडपाठ आहे. माझ्या एका ख्रिस्ती मित्राच्या यादीत मात्र आणखी एक एंट्री असते. दशमांश. म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा देवासाठी.

'टक्के' हा शब्द या परिसराला नवा नाही. सिडकोने जमिनी घेतल्या आणि त्याबदल्यात साडेबारा टक्क्यांची योजना आली. विमानतळासाठी गावं उठली तेव्हा साडेबावीस टक्के आले. जमीन द्या, विकसित भूखंड घ्या. सरळ व्यवहार, सहीशिक्क्यासकट. मग देवाला दिलेल्या दहा टक्क्यांचंही काही 'रिटर्न' असतं का?

हा प्रश्न मला पडला तो या मित्रामुळेच. एका प्रार्थनासभेला बाहेरून आलेल्या उपदेशकाने सांगितलं, आज अडचणीतून द्याल तर शंभरपट परत मिळेल. मित्राच्या खात्यात तेव्हा फक्त हप्त्याचे पैसे होते. त्याने ते देऊन टाकले. पाच तारखेला हप्ता बाउन्स झाला. वर दंड. दोन महिने थांबूनही शंभरपट सोडा, एकपटही आलं नाही. तो मला म्हणाला, "पैशाचं सोड रे. माझाच विश्वास कमी पडला असणार." ते ऐकून मी खरा हादरलो. पैसे गेलेच, वर दोषही त्याच्याच माथी!

बी पेरा, पीक घ्या!

हा फंडा जगभर फेमस आहे. दान म्हणजे 'बी', आशीर्वाद म्हणजे 'पीक' ही कल्पना अमेरिकेतले टीव्हीवरचे प्रचारक ओरल रॉबर्ट्स यांनी विसाव्या शतकात लोकप्रिय केली. २००७ मध्ये तिथल्या सिनेटर चार्ल्स ग्रासली यांनी अशा सहा बड्या सेवासंस्थांच्या खर्चाची चौकशी सुरू केली. २०११ मध्ये ती कुणालाही शिक्षा न होता संपली. पण विमानं आणि बंगले यांची चर्चा जगभर झाली. त्याच्याही आधी, १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथर भडकले होते ते अशाच गोष्टीवर. पैसे भरा आणि पापाच्या शिक्षेतून सूट घ्या, असा कारभार त्यांना मान्य नव्हता.

आपल्याकडेही हे अनोळखी नाही. 'नोकरी लागू दे, अमुक देईन' असा नवस घराघरात बोलला जातो. फरक एवढाच की नवसात आधी काम होतं, मग फेड. इथे पेमेंट ॲडव्हान्समध्ये!

दोन नाण्यांचा हिशेब

या उपदेशकांचा आवडता आधार म्हणजे जुन्या करारातला मलाखी. दशमांश आणा, भरभरून मिळेल, असं तिथे खरंच आहे. पण तो दशमांश जायचा कुठे? ज्यांना स्वतःची जमीन नव्हती त्या लेव्यांकडे. आणि दर तिसऱ्या वर्षी परके, अनाथ आणि विधवा यांच्याकडेही. म्हणजे ती एका अर्थाने समाजाची सोय होती.

शंभरपटीचं वचन येशूच्या तोंडी आहे, हेही खरं. पण ते सर्वस्व सोडून आलेल्यांना दिलेलं आहे, आणि त्याच वाक्यात छळही मिळेल असं सांगितलंय. हा भाग स्टेजवरून सहसा ऐकू येत नाही. मंदिरात दोन नाणी टाकणाऱ्या विधवेची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. तिला पुढे काय मिळालं, हे शुभवर्तमानात कुठेच नाही. उलट त्याच्या लगेच आधी येशू विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांना झापतो. होम लोनवाल्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

केडगावची गोष्ट

पंडिता रमाबाईंपेक्षा हे जास्त कुणाला कळलं असेल? लहानपणापासून त्या आईवडिलांबरोबर तीर्थक्षेत्रं हिंडल्या. देव प्रसन्न होईल या आशेने दानधर्म करता करता घरचा पैसा संपला. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील दोघंही गेले. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे पुण्याजवळ केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं आणि १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी शेकडो मुली-बायकांना आसरा दिला. अमेरिकेतल्या मंडळींनी दहा वर्षांच्या मदतीचं वचन दिलं होतं, ती मुदत १८९८ मध्ये संपली. ठरलेलं उत्पन्न नसतानाही काम चालू राहिलं. त्यांचाही देवावर भरवसा होताच की! पण आलेला पैसा मुलींच्या ताटात गेला.

कवी ना. वा. टिळकांचं उदाहरण तर आणखी बोलकं. १८९५ मध्ये ख्रिस्ती झाल्यावर त्यांच्या वाट्याला श्रीमंती नाही, ताटातूट आली. हात इतका सढळ की संसाराची ओढाताण व्हायची. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त ती वाचायला मिळते. १९१७ मध्ये तर त्यांनी मिशनची पगारी नोकरीही सोडली. रिटर्नच्या हिशेबाने पाहिलं तर टिळक सपशेल फेल!

मग द्यायचं की नाही?

द्यायचं. पण डोळे उघडे ठेवून. पौलाचा सल्ला साधा आहे: दबावाने नको, मनात ठरवून, आनंदाने द्या. पावती मागा. मंडळी वार्षिक हिशेब मांडते का, बघा. 'आत्ताच्या आत्ता द्या' म्हटलं की खिशावरचा हात काढू नका. आणि टॅक्स वाचेल म्हणून देत असाल तर सावधान. ८० जी म्हणून ओळखली जाणारी वजावट नव्या करप्रणालीत मिळत नाही, आणि जुन्या प्रणालीतही निव्वळ धार्मिक कामासाठीचं दान सहसा त्यात बसत नाही.

माझ्या मित्राला शेवटी सावरलं ते त्याच्याच पाळकांनी. "आधी हप्ता भर. कर्ज बुडवून दिलेलं अर्पण देवाला नको असतं," असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. हप्ते रुळावर आले आणि दशमांशही पुन्हा सुरू झाला, यावेळी बजेटमध्ये बसवून.

परवा त्यांच्या मंडळीत कापणीचा सण होता. लोक घरून भाजी, अंडी, फळं आणतात आणि त्यांचा लिलाव होतो. पैसे गरजूंसाठी. पठ्ठ्याने एक लाल भोपळा बाजारभावाच्या दसपट किमतीला उचलला! मी विचारलं, "काय रे, रिटर्न काय मिळालं?"

तो खदखदून हसला. "चार दिवस भोपळ्याची भाजी!"

कित्येक महिन्यांनी त्याला असं हसताना पाहिलं.