दुपारी बारा वीस, चारठाणा

सकाळचे दहा वाजलेत आणि ऊन आत्ताच पाठ भाजतंय. मे महिन्याचा तिसरा आठवडा. शाळेला सुट्ट्या आहेत, तरी आठवी-नववीची पोरं-पोरी परभणी जिल्ह्यातल्या चारठाण्याच्या कोरीव दगडी स्तंभाभोवती जमलीत. हातात टेप, दोरी, वह्या आणि एक मीटरची सरळ काठी. स्तंभाची उंची काढायचीय, वर न चढता.

काठी उभी धरली. सावली भरली 65 सेंटिमीटर. आता स्तंभाची सावली. तिचं टोक मात्र धूसर आहे, नेमकं संपतं कुठे यावर वाद. सर सांगतात, सूर्य हा बिंदू नाही, थाळी आहे, म्हणून कडा पुसट. एक पोरगा गुडघ्यावर बसून खडूनं दोन रेघा ओढतो, गडद सावली संपते तिथे एक आणि फिकी संपते तिथे दुसरी. मधोमध खूण करतो.

त्रैराशिक मांडून दोन गटांची दोन उत्तरं येतात, आणि ती जुळत नाहीत.

"कामून फरक यायलाय, सर?"

सर बोलत नाहीत. मला हे फार आवडतं. पुस्तकातल्या गणिताचं उत्तर शेवटच्या पानावर छापलेलं असतं. या गणिताचं कुठेच नाही. चुकलं कुठे, ते स्तंभापाशी जाऊनच शोधायला हवं. दुसऱ्या गटातली पोरगी शोधते: "ह्यांनी दोरी ओट्याच्या कडेला धरली. टोक तर मधोमध आहे वरी!" कडेपासून मध्यापर्यंतचं जेवढं अंतर सुटलं, त्याच्या दीडपटीनं उंची कमी भरली होती. दीडपटच का, हेही तीच काठीच्या सावलीवरून सांगते.

शंकू, म्हणजे उभी काठी, आणि तिच्या सावलीची गणितं या मातीला नवी नाहीत. भास्कराचार्यांच्या 1150 च्या सुमाराच्या 'लीलावती'त सावलीवर स्वतंत्र प्रकरण आहे. पुढे यादवांच्या काळात त्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी चाळीसगावजवळ पाटण इथे मठ काढला, तसा शिलालेखच आहे. चारठाण्याची देवळं त्याच यादवकाळाची ओळख सांगतात. विज्ञानाची गोडी लावायचं काम मराठी विज्ञान परिषद 1966 पासून करतेय, परभणीत ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटी आहे. पण गावागावात असं सुट्टीतलं टोळकं हवं. मुलांच्या विज्ञान-स्पर्धांचेही आता क्लास निघालेत, तिथेही पाठांतरच. या वयात एकदा मोजण्याची गोडी लागली तर ती जात नाही, आणि ती लावायला टेप आणि काठी पुरते.

साडेअकराला सगळी लिंबाच्या सावलीत येतात. पाणी पिऊन होतं. मग खरी तयारी. गवंड्याच्या पोरानं घरून ओळंबा आणलाय. मोकळ्या जागेत तो काठीला दोन बाजूंनी ओळंबा लावून बघतो, खाली बारीक खडा सरकवतो, पुन्हा बघतो. चारठाण्यात आज सूर्य बरोबर माथ्यावर येणार. जुलैच्या अखेरीला पुन्हा येतो, पण तेव्हा आभाळ असतं.

"बाराला?" मी विचारते.

"बारा वीसला," तिघं एकदम सांगतात. आपलं घड्याळ मिर्झापूरजवळच्या रेखांशावर चालतं आणि आपण त्याच्या सहा अंश पश्चिमेला. अंशाला चार मिनिटं. मे महिन्यात त्यातून तीन-चार मिनिटं वजा. हे ती पोरं बोटांवर मोजून दाखवतात.

12 वाजून 15 मिनिटं. काठीच्या बुडाशी बोटाएवढी सावली. मग नखाएवढी. मग काठी आहे आणि सावली नाही. पोरं ओरडतात, आपापल्या पायांखाली बघतात, एक जण बारवेकडे पळतो, पाण्यात सूर्य दिसतो का बघायला.

"पुण्याला फोन लाव," सर मघाशी चूक शोधणाऱ्या पोरीला म्हणतात. तिच्या दादानं होस्टेलच्या गच्चीवर मीटरभर उंचीची काठी उभी केलीय. पुण्यात सूर्य अकरा मिनिटांनी उशिरा मध्यान्ही येतो, तेवढा वेळ हातात आहे. इरॅटोस्थेनिसनं सव्वादोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये दोन गावांतल्या अशाच सावलीच्या फरकावरून पृथ्वीचा घेर काढला होता.

12 वाजून 31 मिनिटं. फोन स्पीकरवर.

"दोन सेंटिमीटरला जरा कमी."

"कोणीकडं पडली, दादा?"

"दक्षिणेला."

म्हणजे तिथे सूर्य माथ्याच्या उत्तरेला गेलाय. वहीत त्रिकोण निघतो, कोन साधारण 1.1 अंश येतो. 360 भागिले 1.1, गुणिले अंतर.

"पुणं चारशे किलोमीटर," एक पोरगा ठोकून देतो.

"ते एसटीचं!" ती वहीतून मान वर न करता म्हणते. "सरळ उत्तर-दक्षिण किती, तेवढंच घ्यायचं. नकाशा आण. आणि पट्टी."