इमारत सभासदांची, जमीन कोणाची?

मिरा-भाईंदर महानगरपालिका झाली २००२ साली; त्याआधी उभ्या राहिलेल्या अनेक इमारतींपुढे आता पुनर्विकासाचा प्रश्न आहे. सदनिका गृहनिर्माण संस्थेच्या सभासदांच्या, पण जमिनीच्या सात-बाऱ्यावर नाव बऱ्याचदा जुन्या मालकाचेच. १९६३ च्या मोफा या सदनिका मालकी कायद्याच्या नियमांनुसार, करारात वेगळी मुदत नसेल तर, संस्था नोंदल्यापासून चार महिन्यांत विकासकाने जमीन संस्थेच्या नावे करून द्यायची असते. ते होत नाही, म्हणूनच २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे विकासकाने टाळले तरी जमीन संस्थेच्या नावे करून घेण्याची, सोय आली. मग संस्था जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज का करत नाहीत, हा आक्षेप रास्त वाटतो. पण ती फाइल एकदा उघडून पाहावी: सदनिकांचे नोंदणीकृत करार, इंडेक्स टू, मंजूर नकाशा; त्यात कुठल्या तरी जुन्या करारावर मुद्रांक शुल्क कमी भरलेले. एका भूखंडावर चार इमारती असल्या तर जमिनीच्या वाटणीचा वाद वेगळाच. आणि हे सारे निस्तरायचे लोकलने नोकरीला जाऊन-येऊन रात्री सभा घेणाऱ्या सचिवाने! समित्यांची हयगय होते, हे मान्य. तरीही कर्तव्य विकासकाचे आणि धावाधाव संस्थेची, ही रचनाच मुळात चुकीची आहे. अभिहस्तांतरणाची कागदपत्रे संस्थेच्या नोंदणीवेळीच विकासकाकडून जमा करून घ्यायला हवीत.