मापात पाप

मध्यंतरी पुण्यात एका स्नेह्यांकडे कॉफी घेतली. पुडा परदेशातून आलेला. त्यावर एक छोटेसे चिन्ह होते. ही कॉफी शेतकऱ्याला रास्त भाव देऊन घेतली आहे, असा त्या चिन्हाचा अर्थ. यजमान म्हणाले, ‘‘चार पैसे जास्त पडतात, पण गरीब देशातल्या शेतकऱ्याला मिळतात.’’ कॉफी चांगलीच होती. मला मात्र प्रश्न पडला, की हे चार पैसे त्या शेतकऱ्यापर्यंत पोचतात कसे?

या व्यवहाराची सुरुवात १९८८ची. मेक्सिकोतल्या लहान शेतकऱ्यांची कॉफी हॉलंडच्या दुकानांत ‘मॅक्स हावेलार’ या नावाने विकली जाऊ लागली. हे नाव मुल्तातुली या लेखकाच्या १८६० सालच्या डच कादंबरीचे. जावा बेटावरच्या रयतेची कॉफीपायी होणारी पिळवणूक तिने वेशीवर टांगली होती. व्यवहाराचा नियम साधा आहे. बाजार कितीही पडला, तरी ठरलेल्या भावाखाली जायचे नाही. २०२३ साली अरेबिका कॉफीचा हा किमान भाव पौंडाला १.४० डॉलरवरून १.८० डॉलर झाला. पण यात एक अट आहे. लहान शेतकऱ्यांनी आपली संस्था बांधायची आणि तिच्यामार्फतच विकायचे. तरीही संस्थेचा सगळा माल या भावाने उचलला जातोच, असे नाही. म्हणजे नुसती गिऱ्हाइकाची कणव पुरत नाही. विकणाऱ्यांची एकजूटही लागते.

हे समजले तेव्हा मला हेमलकसा आठवले. गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागड तालुक्यातले हे गाव. बाबा आमट्यांनी १९७३ साली इथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तो उभा केला. इथे कॉफी नाही. इथल्या माडियांना जंगल देते ते मोहफूल, चारोळी, तेंदूपान, बांबू. या पट्ट्यात एके काळी व्यापारी चारोळी घेऊन बदल्यात मीठ देत. चारोळी शहरात काय भावाने जाते, हे देणाऱ्याला ठाऊक नसे. मोहफुलांचेही तेच. उन्हाळ्यात गरजेपोटी स्वस्तात विकायची आणि पावसाळ्यात तीच महाग घ्यायची.

तिथल्या बाजारात मी एका बाईंना टोपलीतल्या मोहफुलांचा भाव विचारला. त्या बोलल्या नाहीत. त्यांनी मान वळवून शेजारच्या व्यापाऱ्याच्या काट्याकडे पाहिले. माल त्यांचा, मेहनत त्यांची. भाव मात्र दुसऱ्याने सांगायचा! घासाघीस न करता पैसे देऊन मी निघालो. पुण्य केल्यासारखे वाटले खरे, पण दुसऱ्या दिवशी त्या काट्यापुढे त्या पुन्हा एकट्याच असणार होत्या.

आपल्याकडे ‘मापात पाप’ म्हणतात. कुराणात तर माप मारणाऱ्यांवर एक स्वतंत्र सूराच आहे. मग यावर उपाय काय? तो याच जिल्ह्यात, धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने दाखवला. २००६च्या वनहक्क कायद्याने बांबू आणि तेंदूपानासारख्या गौण वनोपजावर गावाचा हक्क मान्य केला. २००९ साली मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण बांबू गावाबाहेर न्यायचा, तर वाहतुकीचा परवाना हवा, आणि तो वनखात्याच्या हातात. गाव अडून बसले. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या हस्ते परवान्याचे पुस्तक ग्रामसभेला मिळाले. त्यानंतर ग्रामसभेने स्वतः बांबू विकला. पुढे जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभा तेंदूपानाचा लिलाव स्वतः करू लागल्या. भाव त्यांच्यासमोर ठरू लागला.

यात अडचणी नाहीत असे नाही. ठेकेदार पैसे थकवू शकतो, सगळे मिळून बोली पाडू शकतात. पण आता हिशेब मागायला एकटी बाई नाही, अख्खे गाव आहे.

म्हणून आपण कॉफी घेऊ, मध घेऊ, चारोळी घेऊ; जरूर घेऊ. घेताना दुकानदाराला एवढेच विचारू, की हा माल कोणाकडून आला आणि त्याचा भाव कोणी ठरवला? टोपलीमागच्या त्या बाईंनी मान न वळवता स्वतःच्या मालाचा भाव सांगितला, तर मी आनंदाने घासाघीस करीन.