काळा बिबट्या वेगळ्या प्रजातीचा असतो का?

जयपूरच्या मालवीय नगरला लागूनच झालानाचे जंगल आहे. तिथे बिबटे राहतात. ठिपक्यांचा बिबट्या आणि काळा बिबट्या शेजारी उभे केले, तर तुम्ही त्यांना दोन वेगळे प्राणी म्हणाल. पण त्यांची प्रजाती एकच! (शाळेच्या पुस्तकात हिलाच ‘जाती’ म्हणतात.)

मग प्रजाती ठरते कशावरून? जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट मायर यांनी १९४२ मध्ये मांडलेली व्याख्या रंगरूपावर नाही, तर प्रजननावर आधारलेली आहे. निसर्गात जे आपापसांत प्रजनन करतात आणि ज्यांची पिल्लेही पुढे वंश चालवतात, ते एका प्रजातीचे. घोडी आणि गाढव यांच्यापासून खेचर जन्मते. पण खेचराचा वंश सहसा पुढे जात नाही. म्हणून घोडा आणि गाढव या दोन प्रजाती.

आपल्या कोल्हापुरात १९१० मध्ये बिबट्या आणि सिंहीण यांच्यापासून दोन बछडे जन्मले होते. पण ते बंदिवासात. रानात असे होत नाही. व्याख्येतला ‘निसर्गात’ हा शब्द म्हणूनच महत्त्वाचा. जिवाणूंना मात्र ही कसोटी लागू पडत नाही, कारण ते जोडीदाराशिवायच वाढतात. तिथे डीएनए तपासावा लागतो.

हा निव्वळ शब्दांचा खेळ नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत बिबट्याचे नाव आहे. त्यामुळे रंग कोणताही असो, प्रत्येक बिबट्याला ते संरक्षण मिळते.