दुर्बिणीनंतरही ऑपरेशन का लागते?

थेरगावातील आमच्या शेजारच्या एका कामगारबंधूंना गेल्या वर्षी डांबरासारखी काळी शौच होऊन रक्ताची उलटी झाली. कंबरदुखीसाठी औषधदुकानातून गोळ्या आणून महिनोन्महिने घेतल्याने पोटात अल्सर झाला होता. इस्पितळात दुर्बिणीने, म्हणजे एंडोस्कोपीने, रक्तस्राव थांबवला आणि सर्वांना हायसे वाटले. दुसऱ्या रात्री पुन्हा रक्त गेले. पुन्हा दुर्बीण घातली, परंतु रक्त थांबेना. डॉक्टरांनी संमतीपत्र पुढे केले तेव्हा घरच्यांचा एकच सवाल, "काल थांबले म्हणालात, मग आज पोट कशाला फाडता?" सही व्हायला दोन तास गेले. आम्ही तेथेच होतो आणि आम्हालाही उत्तर ठाऊक नव्हते.

असा रक्तस्राव उलटतो तो बहुधा पहिल्या तीन दिवसांत. त्या वेळी थेट चाकू लावावा की पुन्हा दुर्बीण? १९९९ साली हाँगकाँगच्या डॉक्टरांनी अशा ९२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दुसऱ्यांदा दुर्बीण केलेल्या ४८ जणांपैकी ३५ जणांचे भागले. १३ जणांना ऑपरेशन लागलेच. ११ जणांचा रक्तस्राव आवरला नाही म्हणून, तर दोघांना दुर्बिणीतून दिलेल्या उष्णतेने भोक पडले म्हणून. म्हणजे ऑपरेशन सांगितले की डॉक्टर चुकले, असा अर्थ होत नाही.

ऑपरेशनमध्ये जठर किंवा आतड्याचा सुरुवातीचा भाग उघडून वाहणारी रक्तवाहिनी टाक्यांनी बांधतात. भोक असेल तर ते शिवून वर पोटातल्याच चरबीच्या पडद्याचे ठिगळ लावतात. कोठे रक्तवाहिनीत बारीक नळी घालून ती आतून बंद करण्याची सोय असते, पण सर्वत्र नाही.

घरी आल्यावर एकाएकी असह्य पोटदुखी, फळीसारखे कडक पोट, ताप, पुन्हा काळी शौच किंवा घेरी, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नये. तोंडाने पाणीसुद्धा देऊ नये. रात्री ऑपरेशन होते अशाच इस्पितळात न्यावे. डिस्चार्जचा कागद व चालू गोळ्यांची पाकिटे बरोबर घ्यावीत. आम्ही पडलो कारकून, म्हणून आणखी एक: रेशनकार्ड, आधार आणि असल्यास ई.एस.आय.चे कार्ड एकाच पिशवीत ठेवावे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतील इस्पितळात आरोग्यमित्र असतो. खर्चाचे त्यालाच विचारावे.

शेजारी तीन महिन्यांनी कामावर गेले. जड वजन उचलायचे नाही म्हणून खातेबदलाचा अर्ज केला आहे. तो आम्हीच लिहून दिला.